आहारनोंदीचं किट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पोषण आणि सार्वजनिक आरोग्य शिकताना गेल्या चोवीस तासांत माणसानं काय आणि किती खाल्लं हे घरोघर जाऊन नोंदवावं लागतं. त्यासाठीचं हे साहित्य बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत आठ महिने वापरलं आहे. त्यात 5 किलोपर्यंत तोलणारा, 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा आहे, तीन मापांच्या वाट्या, 5 आणि 15 मिलीचे चमचे, 500 मिलीचं मोजपात्र आहे. शिवाय हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली काढलेली, 528 पदार्थांची अन्नघटक तालिका आहे.

काटा चांगला, तालिकेशिवाय पान हलत नाही, वाट्या मात्र आहेत तशा कामाच्या नाहीत.

कारण कुणीही आपल्या घरच्या वाटीच्या हिशेबानंच सांगतं. किटातली 150 मिलीची वाटी पुढे केली की समोरची बाई संकोचानं "हो, एवढीच" म्हणते आणि आकडा चुकतो. त्यापेक्षा घरातलीच वाटी मागावी, "मावशी, कालची आमटी कुठवर होती?" असं विचारावं, तिनं दाखवलेल्या रेघेपर्यंत पाणी भरून मोजपात्रात ओतावं. अर्धा मिनिट लागतो. कुणाची 'भरून वाटी' काठोकाठ असते, कुणाची दोन बोटं खाली.

काट्याबद्दल दोनच गोष्टी. शहाबादी फरशी सगळीकडे सपाट नसते, म्हणून पाट ठेवून त्यावर काटा मांडावा आणि पंखा बंद करावा. रोज सकाळी किराणा दुकानातल्या शिक्का मारलेल्या 500 ग्रॅमच्या वजनानं तो तपासावा. सेल उतरले की आकडा डळमळू लागतो.

सगळ्यात मोठी चूक भाकरीत होते. तालिकेतले बहुतेक आकडे कच्च्या पदार्थाच्या 100 ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत, आणि भाकरीत पाणी असतं. समजा 1 किलो जोंधळ्याच्या पिठाच्या 12 भाकऱ्या झाल्या. एका भाकरीत 83 ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण 280 किलोकॅलरी आणि 8 ग्रॅम प्रथिनं. तीच भाकरी तव्यावरून उतरवून तोलली आणि 125 ग्रॅम भरली, तर ते वजन पीठ समजून गुणल्यास 415 च्या वर किलोकॅलरी दिसतात. दीडपट! भुकेलं घर कागदावर पोटभर जेवलेलं दिसतं. म्हणून पीठ किती घेतलं आणि भाकऱ्या किती झाल्या, हे दोन्ही विचारायलाच हवं.

आमटीचंही तसंच. 200 ग्रॅम तूरडाळीची 1600 मिली आमटी झाली, तर 150 मिलीच्या वाटीत जेमतेम 19 ग्रॅम डाळ येते. पातेलं ढवळून वाढलं होतं का, हेही विचारावं. वरचं पाणी आणि तळाचा गाळ यांत फार अंतर असतं, आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाटीत काय उरतं हे त्यावर ठरतं.

तेलाचा अंदाज कुणालाच चमच्यांत सांगता येत नाही. महिन्याची खरेदी विचारावी: पाच माणसांत 3 लिटर, म्हणजे लिटरला 910 ग्रॅम धरून माणशी रोज सुमारे 18 ग्रॅम. पाहुणे, सणाचं तळण आणि डबा घेऊन जाणारा मुलगा वेगळा धरावा, नाहीतर ही सरासरी फसवी ठरते.

या भागातली खास अडचण भाषेची आहे. मराठीत 'जोंधळा' म्हणजे ज्वारी, कन्नडमध्ये 'जोळ' म्हणजेही ज्वारी, पण 'गोविन जोळ' म्हणजे मका. मराठी घरांतही बाजारातला कन्नड शब्द तोंडात असतो, आणि नोंदणाऱ्यानं पहिला शब्द गाळला की मक्याची ज्वारी होते. धान्याचा डबा उघडून दाखवायला सांगणं सर्वांत खात्रीचं.

नोंदीचे पाच टप्पे एका दमात उरकू नयेत: आधी सलग आठवण, मग विसरलेले पदार्थ, मग वेळ, मग प्रमाण, शेवटी पुन्हा उजळणी. घाईत दुसरा टप्पा गळतो आणि चहातली साखर, शेंगादाण्याची चटणी, मुलाच्या ताटातलं उरलेलं राहून जातं. एकादशी किंवा जत्रेचा दिवस आला तर नोंद फेकू नका, शेजारी शेरा लिहा आणि लागून नसलेले आणखी दोन दिवस घ्या.

विश्लेषण करताना विद्यार्थी गटाचं सरासरी सेवन शिफारशीच्या आकड्याशी ताडून पाहतात आणि बहुतेक बायकांना 'कमतरता' ठरवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यात 55 किलोच्या प्रौढ स्त्रीची प्रथिनांची रोजची सरासरी गरज 36.3 ग्रॅम आहे, शिफारस 45.7, कारण शिफारस जवळजवळ सगळ्यांना पुरावी म्हणून मुद्दाम वर धरलेली असते. गटात किती जणींना कमी पडतंय हे पहिल्या आकड्यावरून मोजायचं असतं. लोहाला मात्र ही साधी पद्धत लावू नये, कारण मासिक पाळीमुळे बायकांची लोहाची गरज एका बाजूला झुकलेली असते. तिथे संभाव्यतेची पद्धतच वापरावी, म्हणजे प्रत्येकीच्या सेवनावरून तिला कमी पडण्याची शक्यता काढून त्यांची सरासरी घ्यावी.

किट घ्यायचं असेल तर वाट्यांचे पैसे वाचवून दुसरं मोजपात्र घ्या. पहिलं काचेचं असेल तर ते तिसऱ्या घरात फुटतं.