टणक, भरीव मसल हवेत: जड वजन कमी रेप्स की हलकं वजन जास्त रेप्स?

नुसते फुगलेले नकोत, बघताक्षणी टणक वाटले पाहिजेत असे मसल ज्याला हवे असतात तो फिरून फिरून या दोन रस्त्यांपाशीच येतो. एक म्हणजे चार ते सहा रेप्सचे (रेप म्हणजे वजन एकदा उचलून खाली आणणं, सलग केलेल्या रेप्सचा एक सेट) जड सेट, मध्ये तीन-चार मिनिटं निवांत आराम. दुसरा म्हणजे पंधरा-वीस रेप्स, मिनिटभर दम खायचा की लगेच पुढचा सेट, पंप येईपर्यंत, म्हणजे रक्त भरून मसल तात्पुरता फुगेपर्यंत. मी दोन्ही बरेच महिने केलंय आणि अंग दोन्हीने भरतं, हे आधीच सांगून टाकतो.

जिममध्ये एक थिअरी हमखास ऐकू येते, जड वजनाने "खरा" मसल वाढतो आणि हलक्याने नुसतं पाणी भरतं. ही अर्धीच खरी. सेट फेल्युअरच्या (म्हणजे पुढचा रेप निघणारच नाही अशा टप्प्याच्या) जवळ नेला तर साधारण पाच ते तीस रेप्सच्या टप्प्यात कुठेही मसलची वाढ जवळपास सारखीच होते, ताकद मात्र जडानेच जास्त वाढते. आणि टणक दिसण्यातला मोठा वाटा तर चरबीचा आहे, वर थर असेल तर खाली कितीही पीळ असू दे, कोणाला दिसणार?

मग निवडायचं कशावरून? माझं गाडं अडलं ते एकाच गोष्टीवर, जास्त रेप्समध्ये सेट नक्की कुठे संपला तेच कळत नाही. म्हणजे बघा, वीस रेप्सचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसणं-उठणं) लावला की बाराव्या-तेराव्यापासून मांड्या पेटतात, छाती धपापायला लागते, डोकं म्हणतं बास आता, आणि आपण बार रॅकला लावून मोकळे होतो, पण थांबलो ते मांडी थकली म्हणून की श्वास पुरला नाही म्हणून की नुसती जळजळ सहन झाली नाही म्हणून, काही पत्ता नाही. अजून पाच सहज निघाले असते असं दर वेळी वाटायचं. वहीत अठरा लिहायचं, पुढच्या आठवड्यात वीस, पण वाढली ती ताकद की सहनशक्ती? याचा मला खरंच वैताग यायचा.

पाचच्या सेटमध्ये ही भानगड नाही. चौथा रेप हळू झाला, पाचवा रखडत वर आला, म्हणजे सहावा निघेल की नाही ते कळतंच. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढली आणि तेवढेच रेप्स निघाले तर प्रगती झाली, विषय संपला.

फुकट काहीच नाही म्हणा. वॉर्मअपच्या सेटमध्येच बराच वेळ जातो, कोपरं आणि खांदे कुरकुरतात, आणि रॅकच्या सेफ्टी पिन (बार अंगावर येऊ नये म्हणून लावायचे आडवे दांडे) न लावता एकट्याने जड स्क्वॉट किंवा बेंच प्रेस करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. जुनी दुखापत असेल तर मी हट्ट धरणार नाही, हलक्यानेही काम होतं. साइड लॅटरल (खांद्यांसाठी), कर्ल (दंडांसाठी), काफ (पोटऱ्यांसाठी) हे तर मी अजूनही पंधरा-वीसनेच करतो, तिथे दम आधी संपायचा प्रश्न येत नाही आणि जड घेतलं की झटके मारणंच जास्त होतं.

पण कटिंगमध्ये, म्हणजे चरबी उतरवायच्या दिवसांत, "आता कट्स (मसलच्या रेषा) काढायचेत" म्हणून वजन अर्ध्यावर आणून रेप्सचा मारा करणारे दिसतात, ते मला काही पटत नाही. चरबी जाते ती कॅलरी कमी पडल्यामुळे, रेप्समुळे नाही. खाणं कमी असताना मसलला टिकून राहायचं कारण फेल्युअरजवळ नेलेला सेटच देतो, आणि जड बारवर तो ओळखणं सोपं. शिवाय कार्ब कमी केले की ग्लायकोजेन (मसलमध्ये साठवलेले कार्ब) उतरतं, त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही जातं, म्हणजे अंग आधीच चपटं दिसत असतं आणि पंपही धड येत नाही. त्या दिवसांत मी सेट कमी करतो, वजन शक्यतो तेच ठेवतो.