सतरा फुटी केव्हलर कनू: आठ महिन्यांनंतर

आधी वजनाबद्दल, कारण घेतली ती त्यासाठीच. दोघांनी वल्हवायची निमुळती, उघडी बोट म्हणजे ही कनू, लांबी सतरा फूट, वजन एकोणीस किलो. आमची जुनी रॉयलेक्सची, म्हणजे एका थरदार प्लास्टिकची, बोट एवढ्याच लांबीची, पण तीस किलोंच्या घरातली होती. अकरा किलोंचा फरक वाचताना किरकोळ वाटतो. दोन सरोवरांमधली चिखलाची वाट बोट खांद्यावर घेऊन तुडवली, की तो मानेला कळतो. जुनी उचलायला दोघं लागायचो. ही मी एकटा मांडीवर घेतो आणि तिथून खांद्यावर. पैसे वसूल झाले ते इथेच.

आता तिचे नखरे. रॉयलेक्स दगडावर आपटली तर पोचा यायचा आणि उन्हात बराचसा आपोआप भरून निघायचा. २०१४ च्या सुमारास त्याचं उत्पादन थांबलं, म्हणून जुन्या बोटी लोक जिवापाड जपतात. केव्हलर म्हणजे १९६५ साली ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेला धागा, तितक्याच वजनाच्या पोलादाच्या पाचपट मजबूत. हे ऐकून मी बोट अभेद्य समजून बसलो होतो. पण ताण सोसणं वेगळं आणि घासणं वेगळं. रेतीवर ओढली की धाग्यावरचा रेझिनचा कडक थर खरवडतो, खालचा धागा उघडा पडतो आणि जुन्या गोधडीसारखे पिवळट तंतू सुटतात. उन्हाचंही वावडं, म्हणून घरी ती सावलीत पालथी असते.

त्यामुळे काठाला लावायची सवय मुळापासून बदलावी लागली. आता बोट जमिनीला टेकतच नाही. घोटाभर पाण्यात दोघांनी उतरायचं, सामान तरंगत्या बोटीतून काढायचं, मग बोट उचलायची. बूट रोज ओले. पहिले दोन महिने मेहुणा यावर रोज कुरकुरायचा.

मेहुणा पुढे, मी मागे. सुकाणू माझ्याकडे आणि डोळे त्याच्याकडे, कारण सामानाच्या ढिगामुळे मला समोरचं पाणी अर्धंच दिसतं. तिसऱ्या महिन्यात, उथळ आणि वेगाच्या पाण्यात तो ओरडला, ‘‘दाजी, उजवीकडे!’’ मी बोट उजवीकडे घातली. दगडही उजवीकडेच होता. त्याला म्हणायचं होतं, दगड उजवीकडे आहे. खर्रर्र असा आवाज तळाखालून सरकत माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. नंतर काठावर पाच मिनिटं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आता नियम ठरलाय. दगड कुठे आहे ते सांगायचं नाही, जायचं कुठे ते सांगायचं. त्याहून बरं म्हणजे बोलायचंच नाही. पुढच्याने वल्हं बाजूला रोवून बोटीचं नाक त्या दिशेला ओढून घ्यायचं, मागच्याने ते ओळखून शेपूट वळवायची. हे जमायला पाच महिने लागले. बोटीबद्दल सुरुवातीला लिहून ठेवलेल्या माझ्या निम्म्या तक्रारी त्या काळात गळून पडल्या. ‘सरळ जात नाही’ ही त्यातली पहिली. ती सरळच जाते. आमच्या वल्ह्यांचा ताल जुळत नव्हता. दुसरी तक्रार वाऱ्याची. समोरून वारा आला की हलकं नाक भिरभिरायचं. सामानाचं जड पिंप दोन हात पुढे सरकवलं आणि प्रश्न संपला.

त्या दिवसाचा ओरखडा मात्र हातभर होता आणि टेप विसरलेलो. उतारावर दुसऱ्या दोन बोटींची मंडळी थांबली होती. त्यांतल्या एका बाईंनी आमचं तोंड बघूनच चिकटपट्टीचा गुंडाळा काढला. हा गुंडाळा त्यांनी वल्ह्याच्या दांड्यालाच वेढलेला होता. जागा आधी रुमालाने कोरडी करायला लावली आणि पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल कापून दिले. टोकदार कोपरा पाण्यात आधी सुटतो, म्हणाल्या. ती पट्टी पुढचे चार दिवस हलली नाही. घरी आल्यावर इपॉक्सी आणि काचेच्या कापडाचं ठिगळ लावलं. केव्हलरचंच ठिगळ बाहेरून लावू नका, पॉलिश पेपर मारला की त्याला लव सुटते.

अशी माणसं वाटेवर भेटतातच. खांद्यावर बोट असलेल्याला वाट द्यायची, बोटी काठाला लावायच्या जागेच्या तोंडाशी सामान पसरायचं नाही, हे कोणी लिहून दिलेलं नाही, पण चुकलात तर नजरेने कळतं. तेव्हापासून माझ्या वल्ह्यालाही पट्टी वेढलेली असते. आतापर्यंत दोनदा दुसऱ्यांसाठीच उपयोगी पडली.

सोबतच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. साठ लिटरचं निळं पिंप उत्तम. झाकणाची रबरी कडी स्वच्छ ठेवा, एक गवताची काडी अडकली तरी पाणी झिरपतं. पिंपाचे मूळ पट्टे मात्र खांद्यात रुततात. वाकड्या दांड्याचं वल्हं संथ पाण्यात छान, खळाळत्या पाण्यात सरळ दांडाच हवा, म्हणून दोन्ही नेतो. लाइफ जॅकेटबद्दल काही लिहीत नाही, ते अंगावर असतंच.

बोटीचा खरा दोष एकच, तो म्हणजे जू. खांद्यावर टेकणाऱ्या त्या आडव्या दांड्याच्या गाद्या कडक आहेत आणि त्यांच्यातलं अंतर माझ्या खांद्यांना बरोबर, मेहुण्याच्या अरुंद खांद्यांना नाही. त्याच्या पाळीला बोट घसरते. सरकणाऱ्या गाद्या मिळतात, त्या आधीच लावून घ्यायला हव्या होत्या.

दगडाळ, उथळ नदीच तुमची नेहमीची असेल तर ही घेऊ नका. सरोवरं जास्त, चालणं जास्त आणि जोडीदार ठरलेला असेल तर जरूर घ्या. पुढच्या फेरीला मी पुढे बसणार आहे. मागून दगड दिसत नाहीत, हे मेहुण्याला अजून पटलेलं नाही.