व्हॉट्सॲप बिझनेस: रात्री अकराच्या ‘एक छोटासा बदल’साठी

इंटिरियर डिझायनर, टॅक्स कन्सल्टंट, क्लासवाले, घरून केक करणारे, यांचं सगळं काम व्हॉट्सॲपवर चालतं आणि रात्री अकराला ‘एक छोटासा बदल’ मागत डोकं खाणारा क्लायंटही तिथूनच घरात शिरतो. २०१८ साली आलेलं ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे व्यवसायासाठीचं वेगळं मोफत ॲप बरेच जण कॅटलॉगसाठी घेतात. आमच्या मते त्याचा खरा उपयोग वेळेची हद्द आखायला होतो.

एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून कामासाठी वेगळं सिम घ्याच. प्रोफाइलमध्ये कामाच्या वेळा भरा, मग टूल्समधून ‘अवे मेसेज’ (तुम्ही नसताना आपोआप जाणारं उत्तर) चालू करून शेड्यूलमध्ये कामाच्या वेळेबाहेरचा पर्याय निवडा. कुणाला जावा, हेही ठरवता येतं. चालू साइटवरचे सुतार-प्लंबर त्यातून वगळा. हा मेसेज फोन नेटवर असेल तरच जातो. रात्री डेटा बंद करून झोपलात, तर समोरच्याला तेव्हा काहीच मिळत नाही.

बहुतेकांचं गणित मजकुरात चुकतं. ‘लवकरच संपर्क करू’ हे सगळ्यात घातक वाक्य, कारण हट्टी माणूस ‘लवकर’ म्हणजे दहा मिनिटं धरतो. त्याऐवजी असं लिहा: ‘निरोप मिळाला. कामाची वेळ सोमवार ते शनिवार १० ते ७. उत्तर पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी १ पर्यंत देतो.’ माफी नको, कारणही नको. कारण दिलं की त्यावरच घासाघीस सुरू होते. आणि हा मेसेज गेल्यावर साडेअकराला स्वतः ‘हो, बघतो’ टाईप केलंत, तर पुढच्या वेळी त्यावर कोण विश्वास ठेवील?

‘क्विक रिप्लाय’ तर आम्हाला याहून मोलाचे वाटतात. स्लॅश टाकला की साठवलेलं उत्तर समोर येतं. अशी ५० साठवता येतात, पण फुकटच्या वाढीव कामासाठी एक पुरतं: ‘हा बदल ठरलेल्या कामात नाही. वेगळं कोटेशन उद्या पाठवतो, मंजुरी आली की काम सुरू करतो.’ शांत डोक्याने आधीच लिहिलेलं असल्यामुळे भांडणाच्या क्षणी आवाज चढत नाही.

उणिवाही आहेत. अवे मेसेजने कॉल थांबत नाहीत. त्यासाठी फोनचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ रोजच्या वेळेला लावावं लागतं. ‘ऑनलाइन दिसत होतात की’ हे ऐकायचं नसेल तर प्रायव्हसीत जाऊन लास्ट सीन आणि ऑनलाइन दोन्ही लपवा. ब्लू टिक बंद केली तरी ग्रुपमध्ये ‘वाचलं’ हे दिसतंच, म्हणून अवघड क्लायंटबरोबर ग्रुप शक्यतो करूच नका.

नोकरीतल्या साहेबांसाठी मात्र हे ॲप निरुपयोगी. त्यांना अवे मेसेज पाठवणं उद्धटपणा ठरेल. तिथे जीमेलचं ‘शेड्यूल सेंड’ बरं: उत्तर रात्री लिहिलं तरी जाऊ द्यायचं सकाळी साडेनऊला.