गंगापूर रस्त्यावरील रोपवाटिका आणि तिथली कुंती

सोसायटीच्या कुंपणालगत बारमाही हिरवे राहणारे आणि छाटणी मानवणारे झुडूप हवे होते. कोयनेल, दुरांता आणि कुंती यांतून आम्ही कुंती निवडली आणि नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून रोपे आणली. पावसाळ्याच्या आरंभी लावलेली ती रोपे आता एकमेकांना भिडली आहेत, त्यामुळे या रोपवाटिकेविषयी खात्रीने लिहिता येते.

तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे मागितले तेच झाड मिळते. कुंती बाजारात कामिनी किंवा मधुकामिनी या नावांनीही विकली जाते, आणि फुले नसलेले कोवळे रोप घाईत पाहणाऱ्याला मेंदीसारखे वाटू शकते. येथील माळीदादांनी पान हातात देऊनच फरक दाखवला. मेंदीची पाने साधी असून फांदीवर समोरासमोर येतात. कुंतीचे पान मात्र संयुक्त असते, त्याच्या दांड्यावर तीनपासून नऊपर्यंत चकचकीत पर्णिका आलटून पालटून लागतात, आणि ते चुरगळले की लिंबाच्या कुळाची ओळख वासावरून पटते. पर्णिका उजेडासमोर धरल्यास तेलग्रंथींचे बारीक ठिपकेही दिसतात. कढीपत्ता हा तिचा जवळचा नातलग, परंतु त्याच्या एका पानावर पर्णिका कितीतरी अधिक असतात. इतक्या आस्थेने झाड समजावून देणारे विक्रेते विरळाच.

रोपे लाल मातीच्या पिशव्यांत होती. नाशिकच्या काळ्या मातीत पाणी साचते आणि कुंतीच्या मुळांना ते सोसत नाही, म्हणून चर खणून त्यात कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू न देता दीड फुटावर एक रोप लावावे, हा त्यांचा सल्ला अचूक ठरला. चुनखडीयुक्त जमिनीत लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा नुसते पाणी वाढवून उपयोग होत नाही, हेही त्यांनी आधीच सांगितले. फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येत असल्याने छाटणी बहर ओसरल्यावर करावी. सतत कात्री चालवली तर कुंपण नेटके दिसते, पण सुगंधाला मुकावे लागते.

दर परिसरातील इतर ठिकाणांपेक्षा किंचित जास्त आहेत, आणि रोपांच्या तब्येतीकडे पाहता ते मान्य करण्यासारखे आहेत. उंच वाढणारी कुंती आणि बारीक पानांची ठेंगणी जात मात्र एकाच पाटीखाली ठेवलेली असते, त्यामुळे कुंपणासाठी घेणाऱ्याने विचारूनच उचलावे.

खरी तक्रार वेगळी आहे. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कुंतीच्या कोवळ्या फुटव्यांवर आवडीने वाढते, आणि ही गोष्ट येथे कोणीही आपणहून सांगत नाही. ज्यांच्या परसात लिंबू किंवा मोसंबी आहे, त्यांनी याच रोपवाटिकेतून कोयनेल घ्यावी. तीही येथे उत्तम मिळते.