पडताळणीच्या नावाखाली पेस्ट करायला लावलेली कमांड

ठाण्यात नौपाड्यात माझे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख दोन दिवसांवर आली असताना एका अशिलाने बँकेचे स्टेटमेंट पीडीएफमध्ये पाठवले आणि ते एक्सेलमध्ये उतरवण्यासाठी मी शोधात सापडलेले एक संकेतस्थळ उघडले. तिथे ‘मी रोबो नाही’ ही ओळखीची चौकट आली. मात्र तिच्यावर क्लिक केल्यावर चित्रे ओळखायला न सांगता तीन सूचना दिसल्या : विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर दाबा.

मी काहीही कॉपी केलेले नव्हते, तरीही पेस्ट केल्यावर मजकूर उमटला, आणि नेमके इथेच मी थांबायला हवे होते. त्या पानाने माझ्या क्लिकसरशी स्वतःचा मजकूर क्लिपबोर्डवर ठेवला होता. विंडोज आणि आर दाबल्यावर उघडणाऱ्या ‘रन’ या कमांड चालवण्याच्या अरुंद चौकटीत लांब ओळीचे फक्त शेपूट दिसते आणि त्या शेपटाशी ‘पडताळणी क्रमांक’ असे इंग्रजीत लिहिलेले होते. खरी कमांड डावीकडे नजरेआड गेली होती. एक निळी खिडकी क्षणभर उघडून मिटली. अँटिव्हायरसने कोणतीही सूचना दिली नाही.

तिसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधील एका लघुउद्योजक अशिलाचा फोन आला. “साहेब, नव्या खात्यावर पैसे टाकलेत, मिळाले ना?” माझ्याच ईमेलवरून, आमच्या जुन्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून, त्यांना नवा खाते क्रमांक गेला होता आणि त्यांनी माझ्यावरील विश्वासापोटी ४२,००० रुपये भरले होते. ब्राउझरमधील पासवर्डच नव्हे, तर लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीजही चोरीला गेल्या होत्या, म्हणून ओटीपी विचारलाच गेला नाही. घाबरून मी त्याच संगणकावरून पासवर्ड बदलला, ही माझी दुसरी चूक; तो दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलून सर्व ठिकाणची लॉगिन बंद करायला हवी होती. अशिलांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवली.

ऐरोलीत सायबर सुरक्षेचे काम करणारा माझा भाचा संध्याकाळी आला. “मामा, पेस्ट केलेली ओळ तुम्ही वाचली होती का?” एवढेच त्याने विचारले. रनमध्ये चालवलेल्या कमांडची यादी विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवते तिथे, ‘रन-एमआरयू’ या नोंदीखाली राहते. तिथून त्याने ती ओळ बाहेर काढली. सुरुवातीला पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलाच लेखी आदेश चालवणारा प्रोग्राम, मग खिडकी लपवण्याचा आदेश आणि पुढे नुसता अक्षरांचा ढीग. तो बेस-६४ मध्ये, म्हणजे कोणताही मजकूर ६४ ठरावीक चिन्हांत लिहिण्याच्या पद्धतीत, गुंडाळलेला मजकूर होता. त्यात ठरावीक अंतराने इंग्रजी मोठा ‘ए’ पुन्हा पुन्हा येत होता. पॉवरशेलला असा मजकूर प्रत्येक अक्षरामागे दोन बाइट या पद्धतीने द्यावा लागतो. साध्या इंग्रजी अक्षराचा दुसरा बाइट शून्य असतो आणि त्या शून्यांमुळे तो ‘ए’ उमटतो, असे त्याने दाखवले. उलगडल्यावर आतही शब्द सरळ नव्हते : कुठे शब्दाच्या मधोमध उलटे अवतरणचिन्ह घुसवलेले, कुठे एकाच शब्दाचे तुकडे अधिकच्या चिन्हाने जोडलेले. पॉवरशेलला असा शब्द बिनचूक कळतो. ठरावीक शब्द शोधणाऱ्या तपासणीला मात्र तो सापडत नाही. शिवाय पॉवरशेल हा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्राम असल्याने संशयास्पद फाइल शोधण्याने फारसे काही हाती लागत नाही.

माझ्यासारख्या लहान कार्यालयांना मी कळकळीने सांगू इच्छितो की हा लपवालपवीचा प्रयत्नच चोराला ओळखण्याची खूण आहे. आमच्याकडे टॅली, एक्सेल आणि ब्राउझर यांपलीकडे काही चालत नाही. तिथे रनमधून लपलेल्या खिडकीचे पॉवरशेल उघडले आणि मागे निरर्थक अक्षरांची लांब रांग असली, तर त्यांचा अर्थ कळण्याआधीच ते थांबवता येते. भाच्याने पॉवरशेलची स्क्रिप्ट ब्लॉक नोंद चालू केली. तिच्यामुळे विंडोजच्या घटना-नोंदवहीत ४१०४ या क्रमांकाखाली चालवलेला मजकूर बाहेरचे वेष्टन उतरल्यानंतरच्या रूपात नोंदला जातो. प्रोग्राम सुरू झाल्याची नोंद चालू केलेली असेल, तर त्याच नोंदवहीत ४६८८ खाली सुरू झालेला प्रत्येक नवा प्रोग्राम नोंदला जातो. त्यात पूर्ण कमांड यावी म्हणून वेगळी सेटिंग चालू करावी लागते, आणि ती मूळात बंद असते. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरील रनची सोयही आम्ही काढून टाकली.

अशिलांच्या रकमेपैकी १७,००० रुपये बँकेने पुढच्या खात्यात गोठवले आहेत. उरलेले २५,००० मी त्यांना माझ्या खिशातून दिले. त्या संगणकावर विंडोज नव्याने टाकले असून, दर शनिवारी कार्यालय बंद करण्यापूर्वी मी ४१०४ च्या नोंदी स्वतः उघडून पाहतो.