आरओ आधी की मच्छरदाणी? घरातलं विष कमी करताना काय आधी, काय नंतर

घरातली रसायनं कमी करायचं ठरलं की पहिला फोन बहुधा आरओवाल्याला जातो आणि दुसरा सेंद्रिय भाजीवाल्याला. खान्देशातल्या बहुतेक घरांत मात्र मोठी मात्रा येते ती धुरातून, आणि घरात शेती असेल तर फवारणीच्या कपड्यांतून. तिथला बदल जवळजवळ फुकटात होतो. म्हणून इथे पर्याय समोरासमोर ठेवताना कसोटी एवढीच लावली आहे: विष किती, रोज किती वेळ, आणि ते मुळाशीच थांबवता येतं की आत आल्यावर गाळत बसावं लागतं.

कॉइल, लिक्विड की मच्छरदाणी

पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून चार माणसं झोपलेल्या खोलीत रात्रभर जळणारी कॉइल हा सगळ्यात वाईट सौदा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले होते. कॉइलमध्ये कीटकनाशक अगदी नावाला असतं; बाकी सगळा जळणारा भुसा. ‘नैसर्गिक’ धूप किंवा कडुनिंबाचा पाला जाळला तरी फुप्फुसासाठी धूर तो धूरच.

लिक्विडच्या मशीनला धूर नाही, पण ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं रसायन खोलीच्या हवेत सोडूनच ते काम करतं. लावायचंच असेल तर झोपण्याआधी तास-दोन तास, खिडकी किलकिली ठेवून, बाळाच्या उशापासून लांब. घरात मासे पाळले असतील तर टाकीच्या खोलीत नको. या गटातली रसायनं माशांना फार विषारी असतात.

मच्छरदाणी काही शे रुपयांत येते आणि वर्षानुवर्षं टिकते. जाळी घेताना एका चौरस इंचात किमान १५६ छिद्रं असावीत. ती फसते दोन कारणांनी. कडा गादीखाली खोचल्या जात नाहीत, किंवा खाट अरुंद असल्यानं हात-पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरूनच चावतो. मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी चार बांबूंची चौकट करून घ्यावी. तिथे कॉइल तशीही वाऱ्यानं निकामी ठरते.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या जाळीचा त्याच्यापुढे फारसा उपयोग नाही. त्याचा बंदोबस्त कूलरच्या टाकीत करावा लागतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची आणि काठ ब्रशनं घासायचे. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने जगतात.

गॅस आला, तरी बाहेरची चूल सुटली का?

स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचं पाणी मात्र पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, अशी घरं गावागावांत आहेत. त्यातही चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा बियाण्याचं पाकीट टाकण्याची सवय सर्वांत आधी मोडावी. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, असं अर्धवट जळालं की त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि ती राखेतही राहतात. तीच राख मग भांडी घासायला किंवा परसातल्या भाजीला जाते.

पर्याय दोन. चूल भिंतीपासून सुटी, मोकळ्या अंगणात न्यायची आणि पऱ्हाट्या पूर्ण वाळवून, पत्र्याखाली ठेवून वापरायच्या. खर्च काही नाही. दुसरा पर्याय सोलर हीटरचा. आपल्याकडचं ऊन पाहता तो उत्तम चालतो, पण बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसून दोन-तीन वर्षांतच पाणी कोमट येऊ लागतं. साफसफाईचा खर्च धरूनच हिशेब करा. भरिताची वांगी वर्षातून चारदा शेतात पऱ्हाट्यांवर भाजायची, ती मात्र खुशाल भाजा.

सेंद्रिय भाजी की फवारणीची शिस्त

ज्या घरात कपाशी किंवा केळी आहे तिथे ही तुलना एकतर्फी आहे. फवारणाऱ्याच्या अंगावर एका दिवसात पडणारं औषध ताटातल्या अवशेषांच्या कैक पट असतं, आणि तेच कपडे, गमछा आणि चपला घरात येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. उन्हात घाम आलेल्या ओल्या त्वचेतून औषध जास्त वेगानं आत जातं, म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायची, वाऱ्याकडे पाठ करून.

डब्यावरचा त्रिकोण आधी बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तेच काम निळ्या-हिरव्या औषधानं होत असेल तर लाल घरात आणूच नका. रबरी हातमोजे घाला, तेही बाह्यांच्या आत खोचून. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की उलट औषधच नाकाशी धरून ठेवतो. त्यापेक्षा औषधासाठीचा फिल्टरचा मास्क घ्या. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, गवताची काडी किंवा जुना टूथब्रश वापरा. मधल्या सुट्टीत तळहातावर तंबाखू मळणं ही सगळ्यात घातक सवय, आणि दुर्दैवानं सगळ्यात सर्रास.

घरी आल्यावर कपडे मोरीत टाकायचे नाहीत. अंगणात वेगळी बादली ठेवा. धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे हवेत. आधी नुसत्या पाण्यात खंगाळा, मग गरम पाणी आणि साबण, असं दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा. घरच्या धुण्यात, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत, ते मिसळू नका. मशीनला लावले असतील तर नंतर मशीन एकदा रिकामीच फिरवा. खंगाळलेलं पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. औषधाचा रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोक पाडा, म्हणजे उद्या त्यात कोणी रॉकेल किंवा पाणी भरणार नाही.

मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ, घाम, थरथर ही लक्षणं दिसली तर कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. डबा किंवा लेबल सोबत न्या. उतारा औषधाच्या प्रकारावर ठरतो.

शेती नसलेल्या, भाजी विकत घेणाऱ्या घरानं सेंद्रियच्या मागे धावण्याआधी धुण्याकडे बघावं. २०१७ च्या एका अमेरिकी प्रयोगात सफरचंदांवरची दोन कीटक-बुरशीनाशकं खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटांत पृष्ठभागावरून निघाली. म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण दोन सपाट चहाचे चमचे सोडा, मग साध्या पाण्यानं धुणं. सालीच्या आत शिरलेलं औषध यानं निघत नाही. अशा वेळी साल काढणं उपयोगी, पण त्यासोबत सत्त्वही थोडं जातं.

पाणी: मशीन घेण्याआधी तपासणी

इथे पैसा सर्वांत जास्त वाया जातो. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं. असं धरणाचं पाणी सहसा कमी क्षारांचं असतं. त्यातले जंतू मारायला यूव्ही (अतिनील किरणांचं) मशीन किंवा उकळणं पुरतं. क्षार ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असतील तर आरओची गरज नाही. त्यात एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं, आणि उन्हाळ्यात आपल्याला ते परवडत नाही.

बोअरचं गणित वेगळं. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात वर्षानुवर्षं युरिया पडला आहे, त्यामुळे तिथे नायट्रेटची शंका घ्यायलाच हवी. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला कसलीही सवलत नाही. फ्लोराइडला लिटरमागे १.० मिलिग्रॅम योग्य आणि पर्याय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट चवीला कळत नाही, क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला वेगळं ओळखता येत नाही, यूव्हीनं जात नाही. उकळलं तर पाणी आटून ते उलट वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला डब्याचं दूध अशा पाण्यात कालवणं धोक्याचं.

म्हणून आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. नळ पाच मिनिटं वाहू दिल्यावर स्वच्छ बाटली भरा. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त आलं तर आरओ घ्याच, पण मशीनमधून निघालेलं पाणीही वर्षातून एकदा तपासा. आतला मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, थकला तरी पाणी दिसायला तसंच निर्मळ असतं. वीस लिटरच्या थंड जारवर परवाना क्रमांक नसेल तर तो घेण्यापेक्षा घरचं उकळलेलं पाणी माठात भरलेलं बरं, अर्थात नायट्रेट-फ्लोराइड मर्यादेत असेल तर.

भांडी आणि मसाले

सगळी भांडी बदलायची गरज नाही. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात भात-दूध चालेल, पण अंबाडीची भाजी, चिंचेचं वरण, टोमॅटो शिजवायला आणि ठेवायला स्टील वापरा. आंबटानं ॲल्युमिनियम सुटतं, आणि भंगारातून ओतलेल्या हलक्या भांड्यांत शिसंही निघू शकतं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं, तो इशारा समजा. नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका. साधारण २६० अंशांपुढे लेप बिघडू लागतो. भाकरीला बिडाचा किंवा लोखंडी तवाच बरा.

हळदीत रंगासाठी शिसं असलेला लेड क्रोमेट मिसळतात. भडक पिवळी पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या. एक पाण्यात टाकून पाहा. लगेच पाणी पिवळं झालं तर ती खेप परत द्या. चांगली असतील तर गिरणीतून दळून आणा. शेंगदाण्यातले काळपट, आकसलेले, कडू दाणे वेचून फेका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजल्यानं पूर्ण जात नाही, आणि घाण्याच्या कच्च्या तेलातही ते उतरतं.

केळ्याचा देठ हिरवा म्हणून ते कार्बाइडचं, हा समज मात्र सोडा. परवानगी असलेल्या इथिलीननं पिकवलेल्या केळ्याचाही देठ सुरुवातीला हिरवाच राहतो. शंका असेल तर बागेतून हिरवी फणी आणा आणि एका पिकल्या केळ्यासोबत पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत पिकते.