सेटलमेंट घ्यावी की पूर्ण रक्कम भरावी? बिघडलेला सिबिल सावरताना

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे यंत्रमागांच्या खडखडाटात बसून मी कारखानदारांचे हिशेब लिहितो. सुताचा भाव चढला, टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्या, की सहा-आठ महिन्यांनी कोणी ना कोणी मालक माझ्या टेबलावर दोन कागद ठेवतो. एक सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आजवरची कर्जं कशी फेडली याची नोंद. दुसरी बँकेची वन टाइम सेटलमेंटची ऑफर, म्हणजे थोडी रक्कम एकदम घेऊन बाकी सोडून देण्याची तडजोड. "एक लाख ऐंशी हजार बाकी आहे, पंचाण्णव हजारांत मिटवतो म्हणताहेत. घेऊन टाकू का?"

मी बहुतेकांना थांबा म्हणतो. सगळ्यांना नाही.

आधी रिपोर्ट नीट वाचायचा. वरचा तीन आकडी स्कोअर, ३०० ते ९०० मधला, सगळ्यांना दिसतो. खरी गोष्ट खाली असते. प्रत्येक कर्जाखाली मागच्या ३६ महिन्यांच्या बारीक चौकटी. हप्ता वेळेवर गेला तिथे ००० किंवा एसटीडी (स्टँडर्ड, म्हणजे खातं नीट). मग ०३०, ०६१, ०९१ असे आकडे सुरू होतात. हप्ता किती दिवस तटला, ते हे आकडे सांगतात. ९० च्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. या चौकटी वाचत गेलं की कोणाचे माग कधी बंद पडले ते महिन्यासकट कळतं. कर्ज मिटवल्यावरही त्या पुसल्या जात नाहीत. नवे चांगले महिने भरत जातात तशा मागे सरकतात, एवढंच.

आता दोन वाटा शेजारी-शेजारी ठेवू. पूर्ण रक्कम भरली तर खात्यावर 'क्लोज्ड' लागतं. तडजोड केली तर 'सेटल्ड'. रोजच्या बोलण्यात दोन्हीला "कर्ज मिटलं" म्हणतात, म्हणून माणूस फसतो. बँकवाला 'सेटल्ड' शब्दाचा अर्थ सरळ लावतो : या माणसाने घेतलं तेवढं परत केलं नाही. शिवाय तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने शेतीकर्ज सोडून नवं कर्ज द्यायचं तर मध्ये किमान १२ महिने जाऊ द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ पासूनचा नियम आहे. दुसरी बँक आपलं धोरण बघते.

वरच्या एक लाख ऐंशी हजार बाकीवाल्या मालकांनी ऑफर घेतली होती. वाचले ८५ हजार. दोन वर्षांनी मुलासाठी घर घ्यायचं ठरलं, १२ लाखांचं कर्ज, १५ वर्षांसाठी. बँकेने 'सेटल्ड' बघून अर्ज परत केला. एक गृहवित्त कंपनी तयार झाली, पण १२ टक्क्यांनी. तेव्हा चांगल्या रिपोर्टवाल्याला ९ टक्क्यांनी मिळत होतं. ९ टक्क्यांचा हप्ता १२,१७१ रुपये, १२ टक्क्यांचा १४,४०२. महिन्याला २,२३१ जास्त. १५ वर्षांत चार लाखांच्या वर. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून माझं मत असं : पुढच्या पाच-सात वर्षांत घर, गाडी किंवा धंद्यासाठी बँकेची पायरी चढायची असेल आणि वर्षभरात रक्कम उभी करता येत असेल, तर पूर्ण भरा. एकदम भरणं जमत नसेल तर बँकेला मुदत वाढवून मागा. खातं ९० दिवसांच्या आत असताना गेलात तर बँक ऐकण्याची शक्यता जास्त. 'रिस्ट्रक्चर्ड' असा शेरा लागेल, तो कौतुकाचा नाही, पण 'सेटल्ड'पेक्षा पुष्कळ बरा.

आणि तडजोड कोणी घ्यावी? ज्याचे माग भंगारात गेले, जो आता दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी करतो, ज्याला नवं कर्ज काढायचंच नाही. घरातला कमावता माणूस गेला आणि मागे आजारपणाचं कर्ज राहिलं, अशा विडी वळणाऱ्या बाईला "पूर्ण भरा" म्हणणं मला जमत नाही. तिने सेटलमेंट घ्यावी आणि रात्री शांत झोपावं. खात्यावर 'रिटन ऑफ' लागलं असेल तरी हेच. मात्र राइट ऑफ म्हणजे माफी असा समज पूर्व भागात फार आहे, तो खोटा. बँकेने आपल्या वहीतून रक्कम बाजूला काढली, तुमचं देणं तसंच आहे.

एक दार मात्र उघडं राहतं. सेटलमेंटनंतर हातात पैसा आला आणि बँक तयार असली, तर सोडलेली रक्कम भरून नो ड्यूज दाखला घेता येतो आणि शेरा 'क्लोज्ड' करून मागता येतो. त्या मालकांनाही मी हेच सुचवलंय.

कोणतीही वाट धरा, पैसे कोणाला द्यायचे ते आधी पक्कं करा. जुनी कर्जं बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. तसं झालं असेल तर दाखला त्या कंपनीचा लागतो, वसुलीवाल्या पोराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो नाही. पत्रावर खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि "यानंतर काहीही येणे नाही" हे वाक्य असल्याशिवाय रुपया सोडू नका. तारणाचे कोरे चेक परत घ्या. घराचे कागद बँकेत असतील तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

एजंट की स्वतः? यावर फार शाई घालवत नाही. "सिबिल साफ करून देतो"च्या पाट्या नव्या पेठेत चालता-चालता दिसतात. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही आणि चुकीची नोंद तुम्ही फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. तक्रार ऑनलाइन करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. २०२५ पासून बँका किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे फेडलेलं कर्ज रिपोर्टात दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही.

जुनं मिटलं की नव्या चौकटी भरायच्या. इथे तिघांची तुलना होते : एफडीवरचं क्रेडिट कार्ड, सोनेतारण आणि पतसंस्थेचं कर्ज.

पतसंस्थेचं आधी उरकतो, कारण आपल्याकडे सगळे तिथेच जातात. ओळखीचे संचालक, दोन जामीनदार, काम झालं. पण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. बहुतेकींची कर्जं सिबिलला कळवलीच जात नाहीत. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता फेडलंत तरी रिपोर्ट कोरा. थकलं मात्र, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला दारात येतो. सिबिलसाठी हा मार्ग निरुपयोगी. नागरी सहकारी बँकेचं कर्ज वेगळं, ते दिसतं.

सोनेतारण मिळायला सोपं, रिपोर्टात दिसतं, व्याजही कार्डापेक्षा खूप कमी. पण ते गरज असेल तरच. नुसता स्कोअर वाढवायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवणं मला पटत नाही. व्याज तटलं तर लिलावाची नोटीस येते आणि मग सिबिल राहतो बाजूला, घरात वेगळंच रामायण सुरू होतं.

उरलं एफडीवरचं कार्ड. जुन्या रिपोर्टमुळे साधं कार्ड नाकारलेल्यालाही हे मिळण्याची शक्यता चांगली, कारण बँकेकडे तारण आहे. एफडीवर व्याज चालूच राहतं. समजा २० हजारांची लिमिट मिळाली, तर महिन्याला पाच-सहा हजारांच्या वर जाऊ नका. किराणा, लाइट बिल, गाडीचं पेट्रोल, एवढंच. बिल आलं की पूर्ण भरायचं. 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम, हा आकडा बघायचाच नाही, कारण उरलेल्यावर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. ज्याच्या हातात कार्ड आलं की खर्च आवरत नाही, त्याने हेही घेऊ नये. त्यापेक्षा दुकानातून वॉशिंग मशीन हप्त्यावर घ्यावं आणि हप्ते वेळेवर भरावेत.

आणि रिपोर्ट काढाल तेव्हा तुम्ही जामीनदार असलेली खाती तपासा. परवा एकाचा स्वतःचा एकही हप्ता चुकला नव्हता. मेहुण्याच्या टेम्पोच्या कर्जावर सही केली होती, आणि ०९१ तिथे पडला होता.